मामांनी नापास केलेली जमीन

मुलगी द्यायची म्हटलं की माणसं घर बघतात, पोराची नोकरी बघतात, हल्ली तर पोराचं इन्स्टाग्रामही बघून घेतात. आमचे मामा चिखल बघायचे.

पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं, पाण्याची बाटली आणि एक जुना टॉवेल, एवढा सरंजाम घेऊन ते स्थळ बघायला निघत. जीप पोराच्या दारात थांबली की बाकीची मंडळी आत सतरंजीवर टेकायची, पाणी व्हायचं, पोह्यांच्या बश्या यायच्या. मामा मात्र अंगणातच उभे राहून विचारायचे, "शेत कोणीकडं हाय?" यजमान बिचारे हात जोडून म्हणायचे, "अवो पाव्हणं, आधी चहा तर घ्या." त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "चहा कुठं पळून जात न्हाई. वापसा पळून जातो."

पाऊस पडून गेल्यावर जमीन एका बेताला येते. धड ओली नाही, धड कोरडी नाही, हाताला चिकटत नाही आणि दगडासारखी कडकही नसते. तो वापसा. शेतकऱ्याला तेवढ्यात पेरणी नाहीतर कोळपणी उरकायची असते. मामांना तेवढ्यात सोयरीक उरकायची असायची.

तसे ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईला भाऊ नाही, हे तिचे चुलत भाऊ. पण मामाचा मान रिकामा पडलेला, तो त्यांच्याकडे आला, आणि त्यांनी तो असा काही धरला की सोडायचं नाव नाही. आधी भावकीतल्या पोरींचे मामा झाले, मग गल्लीतल्या पोरींचे, आणि पुढे पुढे तर डोंगरकडा गावाच्या आसपास ज्यांचा आमचा काडीचा संबंध नाही त्यांच्याही घरून निरोप यायला लागले, "मामा, जरा जमीन बघून द्या." उंच, किडकिडीत माणूस. पायजमा कायम पोटरीवर दुमडलेला. नखांत कायम माती. मामी भाकरी वाढायच्या आधी त्यांचे हात बघायच्या, आणि रोज दोघांचं त्यावरून भांडण व्हायचं. मामा म्हणायचे, "माती म्हंजे काय घाण हाय का?" मामी म्हणायच्या, "मंग तीच खा."

त्यांची दुसरी अट म्हणजे स्थळ बघायचं तर पावसाळ्यातच. लग्नं उन्हाळ्यात, बैठका दिवाळीनंतर, आणि यांचा मुहूर्त आषाढ-श्रावणात! कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "उन्हाळ्यात सगळ्या जमिनी सारख्याच दिसत्यात. लग्नात सगळी माणसं चांगली दिसत्यात, तसं. पाणी पडल्यावर कळतं कोण कसं हाय ते."

शेतात गेल्यावर ते काय करायचे ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. चुलत बहिणीचं स्थळ होतं आणि मी हट्टानं जीपमध्ये बसले होते. आधी वरच्या अंगाला खुरप्यानं उकरायचं, मग मधे, मग खाली ओढ्याकडे. प्रत्येक ठिकाणची चिमूट घ्यायची, बाटलीतलं पाणी लावायचं, तळहातावर वळायची. शेवयांसारखी लांब वळी झाली की भारी काळी. मोडली की मध्यम. वळलीच नाही, नुसते खडे हातात राहिले की मुरमाड. त्या दिवशी मात्र त्यांना वळीनं समाधान झालं नाही. मातीची गोळी मुठीत धरून ते परत घरी आले, बैठकीत शिरले आणि सगळ्यांच्या देखत ती गोळी भिंतीवर मारली. भिंतीला आदल्याच आठवड्यात गुलाबी रंग दिलेला, आमच्याचसाठी! गोळी चिकटून बसली. "बगा!" मामा आनंदानं ओरडले, "अस्सल भारी!" पोराची आई जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. ते स्थळ मोडलं. मामा वर्षानुवर्षं सांगत राहिले की जमीन पसंत पडली नाही म्हणून मोडलं.

पाऊस एक असला तरी तो सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हा त्यांचा सिद्धांत. तो समजावून सांगताना त्यांना जागेचं भान राहायचं नाही. हिंगोलीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात माझ्या वडलांनी एकदा दोघांसाठी एक प्लेट चिवडा आणि एक प्लेट शिरा मागवला. वडलांनी चमचा उचलायच्या आत मामांनी पाण्याचा ग्लास घेतला आणि दोन्ही प्लेटांत अर्धा अर्धा ओतला.

"दाजी, बगा. हा चिवडा म्हंजे मुरमाड. वरून पडलं, खालून गेलं. आठ दिवसांनी पुन्हा पाणी दे म्हणंल. आन हा शिरा म्हंजे काळी. जरा पिलं की तोंड मिटून घेतं, वर तळं साचतं. आता पावसानं उघाड दिली की चिवडा आधी वाळंल, शिरा महिनाभर ओल धरून ठेवंल. पण झड लागली, पाऊस थांबतच न्हाई, मंग? शिरा नासणार. चिवड्याला धक्का न्हाई. पाऊस त्योच, बियाणं त्येच, एका धुऱ्याच्या अल्याड-पल्याड एकाचं भरलं आन एकाचं गेलं. आता सांगा, पोरगी कुठं द्यावी?"

वडील म्हणाले, "पोरगी कुठंबी देऊ पाव्हणं, पण शिरा खायचा व्हता मला."

"दोनी असतील तिथं द्यावी," मामा म्हणाले. वडलांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. "ज्या घरी सगळी जमीन एकसुरी, त्या घरी एका पावसात सगळंच येतं न्हाईतर सगळंच जातं. असल्या घरात माणसं बी तशीच हुत्यात. एका वर्षी शेफारत्यात, एका वर्षी तोंड लपवत्यात."

त्यांचं स्वतःचं शेत असं मिसळ होतं. वर मुरूम, मधे बरी, खाली काळी. वर उडीद-मूग, मधे सोयाबीन, खाली तूर, असा सगळा पसारा. पाऊस कसाही येवो, मामांचा उतारा, म्हणजे एकरी पीक, गावात कधी पहिला आला नाही आणि कधी शेवटचाही नाही. पारावरच्या तरण्या पोरांनी त्यांचं नाव "काठावर पास" ठेवलं होतं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. पण गडी खूश! "बराबर हाय," म्हणाले, "काठावर कोण बुडत न्हाई."

आता इतकं मोठं माप लावणाऱ्या माणसाचे निकाल खरे तरी ठरायचे का? कशाचं काय! एका पोरीचं स्थळ त्यांनी चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी खारवट जमीन म्हणून उडवून लावलं. त्या पोरानं तिथेच शेततळं खोदून मासे सोडले, आज गाडीतून फिरतो. दुसरीला त्यांनी वरून खालपर्यंत तपासून, तीन ठिकाणची माती वळून, मोठ्या अभिमानानं पहिल्या नंबरनं पास केलेली जमीन मिळाली. नवऱ्यानं दोन वर्षांत ती प्लॉटिंगवाल्याला विकली. मामांना हे ऐकवलं की ते म्हणायचे, "मी जमीन पास केली व्हती. त्या गड्याला कुठं पास केलं व्हतं?" आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी. तिनं पुण्याच्या कॉलेजात स्वतःच स्वतःचं जमवलं, आणि जावई आला तो कंपनीतला, चौथ्या मजल्यावर राहणारा, नावावर गुंठाभरही जमीन नसलेला. मामा लग्नाआधी एकदा बघायला गेले. खुरपं घेऊनच गेले! तिथे काय उकरणार? बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत बोट घातलं आणि म्हणाले, "निचरा बरा हाय." पोरीचं लग्न झालं.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण माझी पाळी आली तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

स्थळ सेनगावकडचं होतं. बघण्याचा कार्यक्रम नरसीला देवळाजवळ एका ओळखीच्यांच्या घरी झाला. पोरगं सावळं, कमी बोलणारं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला आणि त्यात अवघडून बसलेलं. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं तेव्हा त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं पाऊस हाय का?" मी म्हटलं, "न्हाई." तो म्हणाला, "आमच्याकडं बी न्हाई." मग आम्ही दोघांनीही उभं राहून आभाळाकडे बघितलं. बस्स. एवढ्यावर मला तो आवडला. का, ते विचारू नका, मला आजही सांगता येणार नाही.

घरी पसंत, दारी पसंत, सगळं जुळलेलं. अडलं कुठं? वडील म्हणाले, "मामांनी जमीन बघितली की होकार कळवू." मी आईजवळ रडून बघितलं, वडलांपुढे तोंड फुगवून बघितलं. वडील म्हणायचे, "मामाचा मान हाय तो. उद्या काही वाकडं झालं तर ते म्हणतील मला इचारलं न्हाई." आणि मामा म्हणायचे, "पाऊस पडू द्या, मंग जातो."

पाऊस पडेना. पेरण्या झाल्या, सोयाबीन टीचभर वर आलं आणि आभाळानं पाठ फिरवली. तिकडून निरोप आला की आम्हाला दुसरं स्थळ सांगून आलं आहे, पोळ्यापर्यंत काय ते कळवा. मी मामांच्या घरी जाऊन उभी राहिले. "मामा, कोरड्यात बघा की! एका बारीला काय व्हतं?"

"कोरड्यात काय दिसणार पोरी? भेगा दिसतील."

"मंग भेगा बघा!"

"भेगा म्या लई बघितल्यात."

एके दिवशी आमच्या गावावर अचानक आभाळ भरून आलं आणि असा पाऊस कोसळला की अंगणातून पाणी वाहिलं. मी छत्री न घेताच मामांकडे पळत गेले. ते ओसरीत बसून तंबाखू मळत होते. "पडला न मामा! चला आता!" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं यांच्या काळजात दगड आहे. "तुझ्या गावात पडून काय उपेग? सोयरीक तिकडं करायची हाय. तिकडं पडलाय का इचार." तिकडे थेंब नव्हता. इतक्या जवळच्या दोन तालुक्यांत एकाचं अंगण वाहतंय आणि दुसऱ्याची माती उडतेय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येऊन समजलं.

मग त्या पोरानं, म्हणजे आताच्या माझ्या नवऱ्यानं, एक केलं. माझ्या चुलत बहिणीकडून नंबर मिळवला आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर आभाळाचा फोटो पाठवायला लागला. खाली एवढंच, "ढग आहेत." दुसऱ्या दिवशी, "गेले." लोकांची लग्नाआधीची चॅटिंग बदाम-फुलांनी भरलेली असते, आमची ढगांनी भरलेली आहे. पोळा अगदी तोंडावर आला आणि एका सकाळी फोटो आला तो नुसता करडा, काही दिसेना, काचेवर थेंब. खाली लिहिलं होतं, "मामांना पाठवा."

दुसऱ्या दिवशी मामा गेले, तेव्हा शेतात काय घडलं ते मला दोन माणसांकडून कळलं, वडलांकडून आणि नवऱ्याकडून. दोघांचं बाकी कशातही एकमत नाही, पण एवढ्यावर आहे की मामा चहा न घेता थेट शेतात गेले आणि जमीन बघून त्यांचं तोंड उतरलं. ओढ्याकाठची, वरपासून खालपर्यंत सगळी काळीभोर. भावी सासरे मागून चालत अभिमानानं सांगत होते, "पंचक्रोशीत अशी जमीन न्हाई पाव्हणं! नुसतं सोनं हाय." मामा म्हणाले, "त्येच तर." तीन ठिकाणी उकरलं, तिन्ही ठिकाणी तीच लांबलचक वळी. "एकसुरी हाय," ते पुटपुटले आणि अजून खाली, ओढ्याकडे निघाले, कुठे तरी मुरूम सापडतो का बघायला. तिथे महिनाभराच्या उन्हानं एक मोठी भेग पडलेली होती आणि आदल्या दिवशीच्या पावसानं तिच्यावर चिखलाची साय धरली होती. मामांनी पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत.

आता भारी काळीत पाय अडकला म्हणजे काय, ते ज्याचा अडकला त्यालाच कळतं. जितकं ओढावं तितकी ती आवळते. माझे वडील एका बाजूनं, सासरे दुसऱ्या बाजूनं, मध्यस्थ कंबरेला धरून, सगळे मामांना वर ओढायला लागले. मामा ओरडत होते, "अरे सोडा! खांदे निघतील माझे! पोरगी द्यायला आलो व्हतो, हात द्यायला न्हाई!" सासरे म्हणत होते, "जोर लावा, जोर लावा!" आणि हा, तो इस्त्रीचा पांढरा शर्ट, चिखलात गुडघे टेकून खाली बसला. मामांच्या मुठीतलं खुरपं काढून घेतलं आणि पायाच्या भोवतीनं हळूहळू माती मोकळी करायला लागला. खुरप्यानं जमेना तिथे हातानं. कुणाला थांबाही म्हणाला नाही. थोड्या वेळानं पाय अलगद वर आला. चप्पल मात्र आतच राहिली. तिच्यासाठी पुष्कळ उकरलं, पण भेगेनं ती गिळली ती गिळलीच.

मामा एका पायात चप्पल घालून जीपनं परत आले. आमच्या घरी सगळी जमली होती. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी, जीव मुठीत घेऊन.

मामा म्हणाले, "जमीन नापास."

आईनं कपाळाला हात लावला. वडील काही बोलणार तेवढ्यात मामांनी उरलेली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पोरगी द्या."

"आँ?" वडील म्हणाले. "जमीन नापास म्हणता, आन पोरगी द्या म्हणता? काहून?"

"आधी पाय धुवायला पाणी द्या," मामा म्हणाले. नंतर चहा घेतला, दोन कप घेतले, पण काहून ते काही सांगितलं नाही. मला तरी कुठे ऐकायचं होतं? मी दारामागे तोंडात ओढणी कोंबून हसत होते आणि रडत होते.

लग्न नवऱ्याच्या दारात झालं. मामांनी मला बोहल्यावर आणलं, पाठीशी उभे राहिले. नखांत माती होतीच. जेवणं झाल्यावर आहेर सुरू झाले. माईकवाला मोठ्यानं पुकारत होता, अमक्यांकडून साडी, तमक्यांकडून मिक्सर. तेवढ्यात गावाबाहेरून ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला. माईकवाल्याच्या कानात कुणी तरी काही सांगितलं. त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि मग जाहीर केलं, "नवरीच्या मामांकडून नवरीला... एक ट्रॉली मुरूम!"

मांडवात असा हशा उठला की बँडवाल्यांना वाटलं वाजवायची वेळ झाली. त्यांनी वाजवलंही. ट्रॉलीनं पाठ उचलली आणि माझ्या सासरच्या अंगणात लाल मुरमाचा ढीग ओतला. भरजरी शालू नेसून मी त्या ढिगाकडे बघत होते आणि धरणी दुभंगावी असं मला वाटत होतं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या शेजारणीला म्हणाल्या, माझ्या कानावर पडेल अशा बेतानं, "लोकांच्या सुना भांडी आणत्यात, आमची खडे घेऊन आली."

जाताना मामांनी जावयाला बाजूला घेऊन सांगितलं की हा मुरूम वरच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कोपऱ्यात, वाटेला लागून पसर आणि चोपून ओटा करून घे. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा भडका उडाला. "सोन्यासारख्या काळीत खडे टाकायचे? आमच्या सात पिढ्यांत कोणी टाकले न्हाईत!" ढीग अंगणातच राहिला. कोंबड्यांनी त्यात घर केलं, येणारा-जाणारा ठेचकाळला की आत्याबाई म्हणायच्या, "सुनेचं माहेर हाय ते, जपून." शेवटी उन्हाळ्यात नवऱ्यानं एकट्यानं तो उचलून कोपऱ्यात नेऊन टाकला आणि चोपून बसवला. बापलेकांचं बोलणं मग बरेच दिवस माझ्यामार्फत चाललं.

आणि पहिल्या वर्षी मामा तोंडावर आपटले. पाऊस आला, पेरण्या झाल्या आणि मधे लांब उघाड पडली. टेकाडावरच्या लोकांच्या मुरमाड रानातलं सोयाबीन उभं वाळलं. आमच्या काळीनं पोटातली ओल धरून ठेवली, शेंगा भरल्या आणि उतारा गावात पहिला आला. सासरे पारावर बसून सांगत, "आमच्या सुनेचे मामा म्हणत व्हते जमीन नापास!" मामा दिवाळीला आले तेव्हा सगळ्यांनी त्यांची भरपूर टर उडवली. मामांनी खुशाल ऐकून घेतलं, शेतात गेले, भेगेत हात घालून बघितला, परत येऊन पोटभर जेवले. "काळीनं राखलं यंदा," म्हणाले. लाज म्हणून नाही.

त्यानंतरच्या एका वर्षी मात्र पावसानं थांबायचं नावच घेतलं नाही. झडीवर झड. एक दिवस उघाड नाही की वापसा नाही, कोळपं घालता येईना, फवारणी करता येईना. खालच्या बाजूला पाणी साचून राहिलं, सोयाबीन पिवळं पडलं, मुळं काळी झाली. टेकाडावरचं, ज्याला सगळे हसायचे, ते हिरवंगार डोलत होतं. सासरे रोज धुऱ्यावर जाऊन उभे राहायचे आणि तसेच परत यायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. जे काही अर्धंमुर्धं हाती लागणार होतं ते कापलं, आणि कापून शेतात पडलेलं असतानाच परतीच्या पावसाचे ढग आले.

सोयाबीन कापलं की त्याची सुडी लावतात, ढीग करून वरून ताडपत्री घालतात, मळणीयंत्र येईपर्यंत. वरून ताडपत्री घालता येते, पण खालून येणाऱ्या पाण्याचं काय करणार? काळीत सुडी लावली की बुडाशी पाणी साचतं आणि शेंगांतून मोड फुटतात. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनीही सासऱ्यांकडे बघितलं नाही. सगळं सोयाबीन आम्ही डोक्यावर भारे घेऊन त्या कोपऱ्यातल्या मुरमाच्या ओट्यावर आणलं. दोनच दिवसांत पाऊस कोसळला. शिवारभर सुड्या पाण्यात उभ्या होत्या. आमच्या सुडीखालून पाणी निथळून जात होतं. पावसाची पहिली सर उघडल्याबरोबर सासरे स्वतः शेजारच्या भावकीला हाक मारून सांगत होते, "आणा, आणा तुमचं बी इकडं. सुनेच्या ओट्यावर जागा हाय." जागा कसली! सुड्यांना सुड्या खेटून उभ्या राहिल्या. आणि आत्याबाई त्या दिवसापासून येणाऱ्या बायकांना सांगतात, "भांडी काय, कोणीबी आणतंय."

मी हर्षानं मामांना फोन लावला. "मामा, तुमी कसं वळखलं व्हतं वो?"

"काय वळखलं?"

"मुरुमाचं!"

"अगं, मला काय सपान पडलं व्हतं?" मामा म्हणाले. "तुझ्याकडं जाणं-येणं पडणार. मागं एक चप्पल गेली माझी. दुसरी जाऊ न्हाई म्हून उतरायला जागा करून घेतली. बरं ते राहू दे, जमीन कशी हाय?"

हे त्यांचं कायमचं. फोन करा, घरी जा, यात्रेत भेटा, पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच. जमीन कशी हाय. मला लेकरू झालं तेव्हा बघायला आले, बाळाच्या हातावर टोपडं ठेवलं आणि मला विचारलं, "खालचं पाणी निघालं का?" मी बाजेवर पडलेली! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या माणसानं मला एकदाही विचारलं नाही की पोरी, तू कशी आहेस. आधी मला हसू यायचं. नंतर नंतर, खरं सांगते, लागायला लागलं.

मामी गेल्या आणि पोरीनं मामांना पुण्याला नेलं. चौथ्या मजल्यावर. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं. जाताना खुरपं पिशवीत होतं म्हणे.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या रानात ट्रॅक्टरनं खोल नांगरट केली. संध्याकाळी नवरा घरी आला तो पाठीमागे हात लपवून, आणि माझ्यापुढे एक काळं ढेकूळ ठेवलं. मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "नीट बग." ढेकळातून एक अंगठा डोकावत होता. मामांची चप्पल! काळी माती अशीच, उन्हात तोंड उघडून गिळते आणि कधी तरी आतलं वर फेकते. मी ती धुतली नाही. तशीच कागदात गुंडाळली आणि दिवाळीनंतर पुण्याला एका लग्नाला जायचं होतं तेव्हा सोबत घेतली.

मामा फार वाळले होते. बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले. भोवती कुंड्याच कुंड्या. शेजारपाजारचेही त्यांच्याकडे कुंड्या आणून द्यायचे, असं त्यांची पोरगी सांगत होती. खाली सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. "इथं कितीबी पडू दे," मामा म्हणाले, "सगळ्याचा उतारा एकच. शून्य." मी चप्पल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, उलटी केली, सुलटी केली, आणि चप्पल राहिली बाजूला, तिच्यावरची माती नखानं खरवडून काढली. थुंकी लावली, बोटांत वळायला लागले.

"जमीन कशी हाय?" त्यांनी विचारलं.

माझा तोल गेला. "मामा, एकदा तरी इचारा ना, की पोरी, तू कशी हायेस! लग्नाला इतकी वर्षं झाली. कधी इचारलं तुमी? जमीन कशी हाय, जमीन कशी हाय! मी कोणी न्हाई का?"

मामांचं वळणं थांबलं. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, आश्चर्यानं. मी काही तरी भलतंच विचारलं आहे असं त्यांचं तोंड झालं होतं.

"तुझं काय इचारायचं?" ते म्हणाले. "त्या दिवशी सगळे मला वर ओढून राहिले व्हते. तुझा बाप ओढत व्हता, सासरा ओढत व्हता. ते पोरगं एकटं खाली बसलं आन बुडाशी माती मोकळी करून राहिलं. तुझं मला तवाच कळलं. म्हून तर जमीन नापास असून पोरगी द्या म्हणलो." त्यांनी वळी पुन्हा बोटांत घेतली. "जमिनीचं तसं न्हाई माय. तिचं दर पावसाला नवं असतं. म्हून तिचं इचारावं लागतं."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि पदरानं डोळे पुसले.

"सांग आता," मामा म्हणाले. "कशी हाय?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वरच्या अंगाला काय पेरलंय, खालचं पाणी यंदा किती दिवस उभं होतं, आणि ओट्यावर कुणाकुणाच्या सुड्या आहेत.